घोंगड्यावरच्या सँडल

शिरूरला बचत गटांचं प्रदर्शन भरणार होतं आणि आमच्या सुनेला, छबूला, तिथं घोंगड्यांचा स्टॉल लावायचा होता. मागावर बसायला लागून कुठं चार दिवस झाले, तर निघाली दुकानदारीण! माल बघून स्टॉल द्यायचा का नाही ते ठरवायला शिरूरच्या मॅडम येणार, म्हणून तिनं अंगण सारवलं. बाजेवर घोंगडी मांडली, मोडली, पुन्हा मांडली. सगळ्यात चांगलं होतं ते खाली अंथरलं. स्वतःच्या लग्नात एवढी लगबग केली नव्हती बयेनं.

मॅडम आल्या त्या सँडल घालूनच त्या घोंगड्यावर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "छान जाड आहे. पायपुसणी करा याची, शहरात खपतील."

घोंगड्यावर आम्ही देव बसवतो. माझ्या जिभेवर शिवी आली होती, पण छबूनं मला डोळ्यांनीच गप्प केलं. स्टॉल जाईल ना! असली मिंधी सून. मी तोंड फिरवलं.

तेवढ्यात तिचाच आवाज आला, "मॅडम, आधी खाली उतरा. स्टॉल न्हाई दिला तरी चालंल. त्याच्यावर आमचा देव बसतो."

मॅडमच्या सँडलला पट्टेच पट्टे. सोडता सोडता तोंड लाल झालं. मग अनवाणी, अंग चोरून घोंगड्याच्या कडेला बसल्या.

"टोचतं हो हे. बरं, आणा शनिवारी प्रदर्शनाला."

"लोकर हाय, टोचणारच," मी म्हणाले. "आन् शनिवारी मी बी येणार."

"आत्याबाई, तुम्ही कशाला?"

"पायपुसणं मागणाऱ्यांना मी बघते. तू आपली घड्या घाल."