नदीकडचा दिवा

धुराड्यावर चढणाऱ्याने पिशवी उलटी केली आणि टेबलावर, उघड्या वहीच्या शेजारी, एक घरटं पडलं. काड्या, तारेचे तुकडे, काळी पडलेली पिसं. त्याच्याखाली आणखी एक होतं, जुनं, दाबून चपटं झालेलं.

"नदीकडच्या दिव्याच्या जाळीत होतं," तो म्हणाला. कमरेचा पट्टा त्याने अजून सोडला नव्हता. "एकावर एक. म्हणजे दोन हंगाम झाले."

विमान खात्याकडून आलेल्या तपासनीसाने पेनाच्या टोकाने वरचं घरटं जरा उचललं.

"दिवा जळत असला तर पाखरू घर करेल का हो त्यात?"

"भाजून निघेल की साहेब. आत सगळं गंजलंय. बल्ब फिरवायला गेलो तर नुसती काच हातात आली."

टेबलाच्या पलीकडे दिवेवाला उभा होता. त्याला सगळे दिवेवालाच म्हणत. नऊ वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला, यंत्रं गेली, मग छपराचे पत्रेही गेले. एकशेवीस मीटर उंचीचं धुराडं पाडायला कोणी पुढे आलं नाही म्हणून ते राहिलं, आणि धुराडं उभं आहे तोवर त्याच्या माथ्यावरचे तीन लाल दिवे जळलेच पाहिजेत म्हणून दिवेवाला राहिला. रोज अंधार पडताना तिन्ही दिवे लागले का ते डोळ्यांनी पाहायचं, वहीत लिहून सही करायची. एखादा लागला नाही तर अर्ध्या तासात विमानतळावर फोन करायचा, म्हणजे ते वैमानिकांना सावध करतात. काम एवढंच. त्याला ते कधी लहान वाटलं नव्हतं.

दिवे काजळीपासून वाचावेत म्हणून माथ्याच्या थोडे खाली, तीन बाजूंना बसवलेले होते. दिवेवाल्याच्या गच्चीवरून त्यातले दोन दिसत. तिसरा धुराड्याच्या पाठीमागे, नदीकडे. तो पाहायचा तर पूल ओलांडून पलीकडच्या काठावर जावं लागे, आणि तिथून फक्त तोच दिसे.

मंगळवारी संध्याकाळी एका पेशंटला घेऊन हेलिकॉप्टर नेमकं त्या बाजूने आलं होतं. करड्या आभाळात पुढ्यात काहीतरी काळं उभं आहे हे वैमानिकाला दिसलं तेव्हा वळायला जेमतेम जागा होती.

"मंगळवार," तपासनीसाने वहीवर बोट ठेवलं. "'तिन्ही दिवे प्रत्यक्ष पाहिले.' सही तुमची?"

"माझी."

"सोमवार? त्याच्या आधीचा महिना? गेलं वर्ष?"

"माझीच."

"नदीकडचा कुठून पाहिलात?"

दिवेवाल्याने खिशातून फोन काढला आणि घरट्यापासून दूर, टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला.

"भाऊ राहतो पलीकडे. थोरला. आधी हे काम त्याचंच होतं, मी त्याच्या हाताखाली शिकलो. दिवा लागला की तो एक मिस्ड कॉल देतो. नाही लागला तर दोन द्यायचे, असं ठरलंय."

"आणि बोलत नाही?"

"बोलायचं काय त्यात?"

तपासनीसाने फोन उचलला आणि अंगठ्याने कॉलची यादी मागे मागे सरकवत राहिला.

"सात वाजता. सात. सात. सात वाजून एक मिनिट. सात." त्याने मान वर केली. "जानेवारीतही सातच? जानेवारीत सहाला तुमचे दिवे लागलेले असतात."

"मला ताटकळत ठेवायचा."

"म्हणजे?"

"मुद्दाम उशीर करायचा. सहाला सही करून मी घरी जाऊन बसू नये म्हणून. दोन हिवाळे चाललंय त्याचं. तो तसाच आहे साहेब, मनात धरून ठेवणारा."

चढणारा उगाच खोकला आणि पट्ट्याचं बक्कल सोडायला लागला.

तपासनीस वाईट माणूस नव्हता. त्याने दार ओढून घेतलं, दिवेवाल्याला बसायला सांगितलं आणि एक कोरा कागद पुढे केला. बघणाऱ्याचा, म्हणजे भावाचा, लेखी जबाब हवा, तो म्हणाला. त्याने चुकीचं कळवलं हे त्याने कबूल केलं तर प्रकरण त्याच्यापाशी थांबेल; म्हातारा माणूस आहे, नोकरीत नाही, समज देऊन सोडतील. नाहीतर वहीत सही तुमची आहे. पेशंट होता आत. हे पोलिसांकडे जाणार.

तो सांगत गेला आणि दिवेवाला लिहीत गेला. चार ओळी झाल्या.

पुलावरून बस जाताना त्याने खिडकीकडे पाठ केली होती. पलीकडच्या काठावर तो अकरा वर्षांत गेला नव्हता. आई गेली त्या दिवशी तो धुराड्यावर होता, एक दिवा उघडून बसलेला. दादाने खालून फोन केला, आईचं काही खरं नाही, उतर. तो उतरला, पण दिवा बसवून. दीड तास लागला. दिवा उघडा टाकून उतरायचं नाही हे त्याला शिकवणारा दादाच होता, पण ते त्या दिवशी बोलायचं नसतं एवढं त्याला कळत होतं. तिरडीपाशी, चारचौघांत दादा म्हणाला, "आले का? लागला का दिवा?" त्याआधी रोज संध्याकाळी दोघं दहा-दहा मिनिटं फोनवर बोलत: दिवा, गुडघे, आईची औषधं. त्या दिवसापासून नुसती एक घंटी. ती मात्र एकदाही चुकली नाही.

वहिनींनी दार उघडलं आणि त्याच्याकडे न बघता आधी त्याच्या मागे, जिन्याकडे पाहिलं.

"भावजी? कोण गेलं?"

"कोणी नाही. दादा आहे?"

"असतात की. कुठे जातायत."

दादा मागच्या गॅलरीत खुर्चीवर बसला होता. समोर नदी, नदीपलीकडे धुराडं, दुपारच्या उन्हात अगदी जवळ आल्यासारखं. बसमध्ये दिवेवाल्याने पहिलं वाक्य चार वेळा घोकलं होतं.

"दोन वर्षं दिवा बंद आहे."

दादाने मान किंचित कलती केली. "आवाज जाड झालाय तुझा," तो म्हणाला. "कुठला दिवा?"

"कुठला म्हणजे? तू बघतोस तो!"

"मी बघतो," दादा म्हणाला आणि हसला. मग त्याने तोंड वळवलं. डोळे दिवेवाल्याच्या खांद्यावरून जाऊन दाराच्या चौकटीवर थांबले आणि तिथेच राहिले.

दिवेवाल्याने हळूच एक पाऊल बाजूला टाकलं. डोळे चौकटीवरून हलले नाहीत.

"आधी कडेकडेचं गेलं," वहिनी म्हणाल्या. "मग मधलं. डॉक्टर म्हणाले, आतली नस सुकली, आता परत नाही यायचं."

"मला कोणी कळवलं नाही."

"विचारणारं कोण होतं भावजी?"

त्याने गॅलरीच्या कठड्याला हात टेकला. दादाच्या मांडीवर छोटा रेडिओ होता, बाजूला फोन. फोनच्या एका बटणावर मेण चिकटवून उंचवटा केलेला होता.

"मग कॉल कशाला देत होतास?"

"सातच्या बातम्या लागल्या की द्यायचो."

"अरे पण कशाला?"

"बंद केला असता तर तू लगेच माणूस पाठवला असतास."

"मीच आलो असतो."

"तू?" दादाने रेडिओवरून हात फिरवला. "तू शिडीवाला पाठवला असतास. दिव्याचं काय झालं बघून ये म्हणाला असतास. आणि तू काय रे, थंडीत सात वाजतात तेव्हा काळोख होऊन तास झालेला असतो. एकदा तरी उलटा फोन करायचास. शिवी द्यायला का होईना."

"मला वाटलं, मुद्दाम करतोस."

"मुद्दाम!" दादाला खरंच मजा वाटली असावी. "ऐकलंस गं? दोन वर्षं मी याला छळत होतो."

वहिनी हसल्या नाहीत.

मग दिवेवाल्याने हेलिकॉप्टरचं सांगितलं. सांगताना तो आवाज चढवणार होता, पण ते त्याला जमलं नाही. पेशंटचं सांगितलं, आत एक नर्स होती, तिचा खांदा निखळला तेही सांगितलं. दादाच्या चेहऱ्यावरची मजा कधी गेली ते कळलं नाही.

"मंगळवारी का?" त्याने विचारलं. "आवाज आला होता मला. फार खालून गेलं. मी हिला म्हटलंसुद्धा." तो हातावर हात घासत राहिला, थंडी वाजत असल्यासारखा. "माणसं वाचली ना सगळी?"

"वाचली."

"दिवा?"

"नवा बसवला. आता यंत्र लावणार आहेत. बंद पडला की आपोआप विमानतळावर कळेल."

"म्हणजे आता फोन नको."

"नको."

आत गॅसवर दूध ठेवलेलं होतं. ते वर येत असल्याचा वास आला तशा वहिनी लगबगीने उठून गेल्या. दिवेवाल्याने शेजारची खुर्ची ओढून घेतली, खिशातून कागद काढला, घडी उलगडली आणि गुडघ्यावर सपाट केली.

"एक जबाब लिहून द्यायचाय. तुझी सही लागेल."

"वाच."

"'मी, नदीकडच्या दिव्याचे निरीक्षण करणारा, स्वखुशीने लिहून देतो की, सदर दिवा बंद असतानाही तो चालू असल्याचे मी...'"

इथे तो थांबला. पुढचा शब्द 'जाणूनबुजून' होता. पुढची ओळ होती, वहीत सही करणाऱ्या माझ्या भावाचा यात काहीही दोष नाही. अक्षर त्याचं स्वतःचं होतं.

"थांबलास का?"

"चष्मा," दिवेवाला म्हणाला. चष्मा डोळ्यांवरच होता. "'...चालू असल्याचे मी कळवत राहिलो, कारण माझी दृष्टी गेली होती. हे मी भावाला सांगितले नाही.'" तो श्वास घ्यायला थांबला. "'भावाने विचारलेही नाही. पूल ओलांडून यायला बसने वीस मिनिटे लागतात. अकरा वर्षांत तो आला नाही. रोज वहीत त्याने लिहिले की नदीकडचा दिवा मी प्रत्यक्ष पाहिला. त्याने तो एकदाही पाहिला नव्हता. कॉल उशिरा येतो हे त्याला दिसत होते. का येतो हे त्याने कधी मनात आणले नाही. त्याला ते सोयीचे होते.'"

त्याला वाटलं, आता थांबावं. आवाज थांबेना.

"'या चुकीला आम्ही दोघेही सारखेच जबाबदार आहोत.'" मग जरा वेळाने, खालच्या पट्टीत, "'सारखे नाही. भाऊ जास्त.'"

गॅलरीत ऊन होतं. नदीवरून कसला तरी पंप चालल्याचा आवाज येत होता.

"असं लिहिलंयस?"

"हो."

"स्वतःच्या हाताने?"

"हो."

दादाने हात पुढे केला. दिवेवाल्याने कागद दिला. दादाने तो मांडीवर घेतला, रेडिओ बाजूला सरकवला आणि कागद पालथा केला. मग उजव्या हाताची बोटं त्याने वरून खाली सावकाश नेली. दिवेवाला पेन दाबून लिहायचा. कागदाच्या मागे अक्षरं उमटलेली होती. बोटं थोडी खाली गेली आणि तिथून पुढे सगळं गुळगुळीत होतं. त्याने परत वर नेली, परत खाली.

"चार ओळी," दादा म्हणाला.

दिवेवाल्याच्या हातात पेन होतं. त्याचं टोपण त्याने काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

दादाने कागद सुलटा केला. "कुठे करू?"

त्याने दादाचं बोट धरून खालच्या कोपऱ्यावर नेलं. अकरा वर्षांत त्याने त्या हाताला स्पर्श केला नव्हता. शिडीच्या गजांनी पडलेले घट्टे अजून तसेच होते. दादाने पूर्ण नावाची सही केली, एकेक अक्षर सुटं, पहिलीतल्या मुलासारखं. शेवटचं अक्षर कागदाबाहेर गेलं.

वहिनी पदराला हात पुसत दारात आल्या. "झालं वाचून? काय लिहिलंय हो?"

"बरोबर लिहिलंय," दादा म्हणाला.

त्याने कागद पुढे धरला, दिवेवाल्यापासून हातभर डावीकडे, जिथे कोणीच नव्हतं. दिवेवाला खुर्चीतून उठला, वळसा घालून तिथे गेला आणि त्याने तो घेतला.