लेकीच्या घरचं पाणी

करंज्याहून तपासणीला निघताना धर्मराज दोन गोष्टी विसरत नसे: रिपोर्टची पिशवी आणि पाण्याची बाटली. पिशवी डॉक्टरांसाठी, बाटली लेकीच्या घरासाठी. लेक मालू सुकापूरला दिलेली, आणि तिला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. उधाणाच्या दर्यात होडी घालणारा हा गडी लेकीच्या घरच्या तांब्याला मात्र भ्यायचा.

आता गंमत बघा. हिपॅटायटिस बी नावाच्या काविळीने त्याचं लिव्हर पार सडवलं, तेव्हा याच मालूने आपल्या लिव्हरचा तुकडा काढून बापाला दिला होता. धर्मराज तेव्हा शुद्धीत नव्हता. हो म्हटलं ते त्याच्या बायकोने, कृष्णाबाईने. तिने रिवाज बाजूला ठेवला आणि नवरा वाचवला.

डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं, "जुनं लिव्हर गेलं म्हणून विषाणू गेला असं समजू नका. तो अंगात दडून बसतो आणि संधी मिळाली की नव्या लिव्हरला धरतो. गोळी रोज, उपाशीपोटी, चुकवायची नाही. आणि आम्ही बोलावू तेव्हा इंजेक्शन."

एरवी तो इंजेक्शन घेऊन संध्याकाळी घरी परतायचा. या खेपेला रक्ताचा रिपोर्ट आला नाही, इंजेक्शन दुसऱ्या दिवसावर गेलं आणि मालूकडे मुक्काम पडला. घरून आणलेल्या डब्यातली भाकरी रात्री संपली, बाटलीतलं पाणीही संपलं.

सकाळी तो गोळी हातात घेऊन बसला. कोरडीच गिळायला गेला तर ठसका लागला आणि गोळी बाहेर आली. त्याने ती खिशात टाकली. एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय, असं मनाला समजावलं.

"बाबा, गोळी घेतली?" मालूने विचारलं.

"घेतली," म्हणत त्याने तोंड पुसायला रुमाल ओढला आणि गोळी टपकन फरशीवर पडली.

मालूने गोळी उचलली. मग रिकाम्या बाटलीकडे पाहिलं. तिच्या सगळं ध्यानात आलं. आधी तिला हसू आलं, मग डोळेच भरले.

"माजा लिव्हर पोटात घालून फिरता, नि माजा पाणी चालत नाय?"

"रिवाज हाय, पोरी."

"होडीला नवी फळी बसवली म्हनून कीड जाते काय? तुमीच दर साली तेल लावता ना? मग ही गोळी म्हंजे तेलच. नाय लावला तर कीड माजी फळी खाईल."

रिवाज तर निमित्त होतं. खरं दुखणं आज ओठांवर आलं.

"तुजं पोट फाडून घेतलं मी," तो म्हणाला. "बाप लेकीला देतो, मी उलटा घेत बसलोय. आता आनखी काय काय घेऊ तुजं? मना लाज वाटते गो."

मालू त्याच्याजवळ खाली बसली. लहानपणी तो मासळी घेऊन आला की बसायची, तशीच, गुडघ्याला गुडघा लावून.

"मग दिलेला तरी नीट सांभाळा. मी काय परत मागत नाय. पन तो कुजून गेला, तर मी दिला कशाला?"

तिने नवी गोळी काढली आणि पाण्याचा पेला पुढे केला. धर्मराजने पेल्याला हात जोडले. का, कुणाला ठाऊक. मग गोळी जिभेवर ठेवली आणि डोळे मिटून सगळा पेला रिकामा केला. पाणी साधंच होतं, नळाचं. त्याच्या गालांवरून मात्र खारं पाणी वाहत होतं.

"आता दोन तास काय खायाचा नाय," मालू नाक पुसत म्हणाली.

"म्हायती हाय."

मालू स्वयंपाकघरात गेल्यावर त्याने कृष्णाबाईला फोन लावला. "मना यायला उशीर होईल," तो म्हणाला, आणि जरा मोठ्याने, स्वयंपाकघरात ऐकू जाईल असं, पुढे बोलला, "लेकीकडं जेवून येतो."