मागच्या दाराशी कोण होतं?

शनिवारी सकाळी लॉरेन हॅलम 'वीव्हर्स'च्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसली होती. मॅचचा दिवस होता. दुपारपर्यंत मटण-बटाट्याच्या साठ पाई भट्टीतून निघायला हव्या होत्या. पब चालवणारी एनिड ऑर्मरॉड कणीक लाटता लाटता तिच्याकडे पाहत होती.

"आज कुणाशी आहे हो, एनिड आंटी?" लॉरेननं विचारलं.

"तुला माहीत नाही?"

"आहे माहीत. उगाच विचारलं." तिनं सालांकडे मान खाली घातली. "त्यांचा तो उंच गोलकीपर खेळणार नाही म्हणे. घोटा दुखावलाय. मग आपण जिंकायला हरकत नाही, नाही का?"

एनिडला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. लॉरेननं उभ्या जन्मात मैदानात पाऊल टाकलं नव्हतं. तरी कोण जायबंदी आहे, कोणाचे किती गुण आहेत, हे तिला तोंडपाठ होतं. वीव्हर्स होता त्या टेंटर स्ट्रीटवरच्या कितीतरी बायकांचं असंच होतं. मॅच बघायला कोणी जात नसे. निकाल मात्र प्रत्येकीला लागलीच कळलेला असे.

मैदान रस्त्याच्या टोकालाच होतं. एके काळी त्याच्या भोवती सात पब होते. मिलचा भोंगा झाला की माणसं त्यांत शिरत आणि मॅचच्या दिवशी तर पायरीवरही जागा मिळत नसे. मग मिल बंद पडली. बाजारातल्या मोठ्या दुकानात बिअर पाण्याच्या भावानं मिळू लागली. क्लेडन टाऊन या गावच्या फुटबॉल क्लबनं मैदानातच काचेचा चकचकीत बार काढला. एका पबात आता गालिचे विकतात, एकात पाळणाघर आहे, एक जळाला तो तसाच उभा आहे. उरला होता एकटा वीव्हर्स, आणि तोही, ज्या कंपनीच्या मालकीचा होता तिला, विकून टाकायचा होता.

तो अजून उघडा होता याचं श्रेय सगळा रस्ता एका माणसाला देत असे, लॉरेनच्या नवऱ्याला. कीथ हॅलम टायरच्या दुकानात कामाला होता, बोलायला गोड, हाकेला धावणारा. 'वीव्हर्स वाचवा' समिती त्यानंच काढली. घरोघर फिरून त्यानं सह्या गोळा केल्या, वर्तमानपत्रवाल्यांना बोलावलं. त्याच्याच खटपटीमुळे आज कंपनीचा माणूस, वेदरॉल नावाचा, गर्दी बघायला येणार होता. गर्दी मनासारखी दिसली तर आणखी पाच वर्षांचा करार होणार होता.

"कीथ नसता तर मी आत्ता कुठल्या तरी वृद्धाश्रमात लापशी खात बसले असते," एनिड म्हणाली.

बटाटे धुवायला लॉरेन नळापाशी गेली, बाह्या वर सारल्या, आणि लगेच खाली ओढल्या. पण एनिडनं पाहिलं होतं. दंडावर चार बोटं उमटली होती. कडा पिवळ्या पडल्या होत्या. मागच्या शनिवारी टाऊन हरलं होतं.

"काय झालं गं हाताला?"

"दारात सापडला."

एनिडनं पुन्हा लाटणं हातात घेतलं. वीव्हर्सची रीतच तशी होती. तिचा नवरा क्लिफ ती रीत प्रत्येक नव्या नोकराला ऐकवत असे: "गल्ल्याच्या अलीकडचं आपलं, उंबऱ्याच्या पलीकडचं ज्याचं त्याचं." क्लिफला जाऊन नऊ वर्षं झाली होती. रीत मात्र तिथेच होती, भिंतीतल्या ओलीसारखी.

तीनच्या ठोक्याला मॅच सुरू झाली आणि पब रिकामा झाला. मैदानातला आवाज छपरांवरून येत होता. तो आवाज वाचायला एनिड चाळीस वर्षांत शिकली होती. आपला गोल झाला की खिडकीच्या काचा थरथरत. समोरच्यांचा झाला की दूर कोपऱ्यातून बारीक ओरडा येई आणि बाकी सगळं मैदान गप्प होई.

साडेतीनच्या सुमारास मैदान असं गप्प झालं. लॉरेनच्या हातातला चमचा थांबला.

"अजून पुष्कळ वेळ आहे," एनिड म्हणाली.

"हो, आहे की." लॉरेननं चमचा पुन्हा फिरवायला घेतला. जरा वेळानं हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशी ती म्हणाली, "काचेचं सगळं मी शुक्रवारीच टॉवेलात गुंडाळून पलंगाखाली सारून ठेवते. आईनं दिलेला चहाचा सेट आहे ना. सहांतले चार कप राहिलेत."

एनिडनं नजर वळवली ती मागच्या बोळाकडे. बोळाच्या टोकाला परसातलं दार होतं. टाऊन हरलं की त्या दारापाशी मॅव्हिस टॅटर्सल उभी असायची.

मॅव्हिसला मरून बत्तीस वर्षं झाली होती.

तीही अशाच एका शनिवारी आली होती. कपच्या मॅचमध्ये तीन गोलांनी पराभव झाला होता. पब माणसांनी फुगला होता आणि एनिड ग्लास विसळत होती. मागचं दार वाजलं. उघडलं तर मॅव्हिस, पायात घरातल्या सपाता, अंगात ॲप्रन, एक डोळा मिटलेला. "घटकाभर आत बसू दे गं," ती म्हणाली. "रेग शांत होईपर्यंत."

तिचा नवरा रेग पबचं मोठं गिऱ्हाईक होता. डार्ट्सच्या संघाचा कप्तान. गल्ल्यामागून क्लिफनं विचारलं, "मागच्या दाराशी कोण आहे गं?"

एनिडनं मॅव्हिसकडे पाहिलं. मग मान वळवून म्हणाली, "कोणी नाही." आणि दार लावून घेतलं. कडी तिच्याच हातानं सरकली.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरच्या जिन्याखाली मॅव्हिस मरून पडलेली सापडली. पाय घसरला, असं रेगनं सांगितलं. पोलिसांनी शेजारीपाजारी विचारलं, वीव्हर्समध्येही विचारलं. आदल्या दिवशी ती इथे आली होती का? एनिड म्हणाली, नाही. त्यानंतर अकरा वर्षं, रेग मरेपर्यंत, एनिड त्याला बिअर ओतून देत राहिली. लोक म्हणत, बायको गेल्यापासून बिचारा खचलाय. त्याचा ग्लास जरा काठोकाठ भरावा, असाच सगळ्यांचा आग्रह असे.

बोळातली मॅव्हिस रडत नसे, शाप देत नसे. रेशनच्या रांगेत बाई उभी असते, तशी उभी असे. आपला नंबर कधी ना कधी लागेल, एवढंच तिच्या चेहऱ्यावर दिसे. एनिडनं बोळात मोठा दिवा लावून पाहिला, पाद्रीबाबांना गुपचूप बोलावून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

पावणेपाच वाजता मैदान पुन्हा गप्प झालं आणि गप्पच राहिलं. दोन-शून्य. लॉरेननं ॲप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले, पुन्हा पुसले. हात केव्हाच कोरडे झाले होते.

पाचला माणसांचा लोंढा आत शिरला. कीथनं शब्द पाळला होता. उभं राहायला जागा नव्हती. ओले कोट, निळे मफलर, पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार. कोपऱ्यात वेदरॉल फाईल मांडीवर घेऊन बसला होता आणि प्रसन्न दिसत होता. कीथ गल्ल्यापाशी आला. तोंडानं हसत होता, पण जबडा आवळलेला होता. दोन ग्लास त्यानं उभ्याउभ्या रिचवले. मग खुर्चीवर चढला.

"मंडळी, आज हरलो! पण वीव्हर्स हरणार नाही!" आरोळ्या उठल्या. "काचेच्या बारमध्ये तुम्हाला तिकिटाचा नंबर विचारतात. इथं नाव विचारतात! हा पब म्हणजे घर आहे. या दारातून आजवर कुणाला परत पाठवलेलं नाही. काय, एनिड आंटी?"

सगळे वळून एनिडकडे पाहू लागले. टाळ्या पडल्या. एनिडनं ग्लास खाली ठेवला.

कीथ खुर्चीवरून उतरला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाला, "लॉरेन, कोट घाल. घरी जायचंय." आवाज साधाच होता. पण लॉरेन कोट घालू लागली तेव्हा तिला बाही सापडेना. एकदा हात अस्तरात गेला, एकदा खिशात. एनिडनं बोळाकडे पाहिलं. मॅव्हिस होती. ती एनिडकडे बघत नव्हती. ती लॉरेनकडे बघत होती.

एनिडनं गल्ल्यावरची घंटा वाजवली. ती पब बंद करायच्या वेळी वाजवायची घंटा. साडेपाचला ती ऐकून लोक हसले.

"काय मालकीणबाई, घड्याळ बिघडलं की काय?"

"लॉरेन घरी जाणार नाही," एनिड म्हणाली. "आज ती माझ्याकडे राहील, वरच्या खोलीत. आणि कीथ, तुला या पबात यापुढे थेंबभर मिळणार नाही."

कुणीतरी खिदळलं. कीथनं हात पसरले. "अहो आंटी, असं काय करता? मी काय केलं?"

"तिच्या दंडावर तुझी बोटं आहेत."

"ती दारात..."

"दाराला चार बोटं नसतात."

आता कोणी हसत नव्हतं. खिडकीपाशी बसलेला एकजण समजुतीच्या सुरात म्हणाला, "एनिड, घरातल्या गोष्टी घरात. त्यात आज माणसं हरून आलीत. आजचा दिवस जाऊ दे."

"आजचाच दिवस जाऊ दे, असं म्हणत बत्तीस वर्षं गेली!" तिचा आवाज फाटला. "मॅव्हिस टॅटर्सल मेली त्या दिवशी ती या मागच्या दारात आली होती. क्लिफनं विचारलं, कोण आहे. मी म्हटलं, कोणी नाही. मीच कडी लावली. पोलिसांना मीच खोटं सांगितलं. आणि तिला मारणाऱ्याला मीच अकरा वर्षं पाजलं. कीथ, कुणाला परत पाठवलं नाही म्हणालास ना? मी पाठवलंय."

कीथचा चेहरा लालबुंद झाला. "म्हातारीला भ्रम झालाय," तो म्हणाला आणि स्वयंपाकघराकडे निघाला. एनिड त्या दारात आडवी उभी राहिली. एकाहत्तर वर्षांची, त्याच्या खांद्याएवढी बाई. पब भरलेला होता. पण एकही माणूस जागचा हलला नाही. एनिडला त्या वेळी सगळ्यात जास्त भीती वाटली ती कीथच्या मुठीची नाही. त्या शंभर खाली घातलेल्या नजरांची.

"हात लाव मला," ती हळूच म्हणाली. "कंपनीचे साहेब बघतायत. लाव."

कीथ थांबला. मग मफलर झटकून वळला. "चला रे. हा पब मी वाचवत होतो. आता बुडू दे."

आणि माणसं उठली. अर्धे ग्लास तसेच टाकून एकेक जण त्याच्यामागे बाहेर पडला. ज्यांच्या बारशाला एनिडनं केक केले होते तेही. वेदरॉल फाईल मिटून, कुणाच्या नजरेला नजर न देता निघून गेला. दहा मिनिटांत वीव्हर्स रिकामा झाला.

एकच म्हातारा उरला, मॅव्हिसचा शेजारी अर्नेस्ट हॉवर्थ, चौऱ्याऐंशी वर्षांचा.

"मी तुझ्या बाजूनं थांबलोय असं समजू नकोस," तो म्हणाला. "गुडघा धरलाय, म्हणून थांबलोय."

"बरं," एनिड म्हणाली.

त्यानं ग्लास फिरवला. मग ग्लासाकडे बघतच बोलला, "तुझ्याकडे यायच्या आधी तिनं माझं दार वाजवलं होतं. मी रेडिओ मोठा केला." त्यानं ग्लास बाजूला सारला. "आणि माझ्या आधी बेकरीवाल्यांचं. त्यांचा दिवा विझताना मी खिडकीतून पाहिला."

एनिड त्याच्या समोर बसली. इतकी वर्षं तिला वाटत होतं की तो बोळ एकट्या तिच्याच घरात आहे.

सोमवारी सकाळी ती आणि लॉरेन पोलीस ठाण्यात गेल्या. हॉवर्थही काठी टेकत आला. लॉरेनची तक्रार लिहून झाल्यावर एनिडनं मॅव्हिसबद्दलचा आपला जबाब द्यायला घेतला. तरुण अंमलदार मुलगी गोंधळली. "आजी, तो माणूस मेलाय. आता याचा काय उपयोग?"

"लिही तू," एनिड म्हणाली. "जिन्यावरून पाय घसरला असं कागदावर आहे. तो कागद अजून तसाच पडलाय."

पुढे व्हायचं ते झालं. कोर्टानं कीथला लॉरेनपासून लांब राहायला बजावलं. लॉरेन उरलेले चार कप घेऊन बहिणीच्या गावी गेली. वीव्हर्समध्ये मॅचच्या दिवशीही कोणी फिरकेना. मार्चमध्ये कंपनीनं त्याला फळ्या ठोकल्या. क्लेडनमध्ये आजही विचाराल तर सांगतात, मैदानाजवळचा शेवटचा पब एका बाईच्या जिभेनं बुडवला.

एनिडनं त्याच रस्त्यावर चौदा नंबरची दोन खोल्यांची जागा भाड्यानं घेतली. नवा मोसम सुरू झाला तेव्हा तिनं एक गोष्ट केली. मॅच संपायच्या वेळी ती पुढचं दार सताड उघडून उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसू लागली. मांडीवर घोंगडी, शेजारी गरम किटली. जाणारे-येणारे टोमणे मारत, "काय आंटी, नवा पब काढलात का?" ती म्हणे, "हो. बायकांचा."

टाऊन सलग चार मॅच हरलं. चारही वेळा रात्र पडेपर्यंत ती बसून राहिली. कोणी आलं नाही. समोरच्या घरांचे पडदे जरासे हलत आणि पुन्हा सरळ होत.

पाचव्या शनिवारी टाऊन जिंकलं. तीन-एक. रस्त्यावरून गाणी म्हणत, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून माणसं घरी निघाली. एनिडला वाटलं, आज काही नाही. आज लवकर दार लावावं. ती किटली उचलून खुर्ची आत ओढायला उठली.

समोरच्या फुटपाथवर एक तरुण बाई उभी होती. कडेवर मूल, पाय अनवाणी. ती नव्यानं राहायला आलेली होती; एनिडला तिचं नावही ठाऊक नव्हतं. गाणाऱ्या माणसांची एक टोळी तिला वळसा घालून पुढे गेली, खांबाला घालावा तसा.

"पण आज तर आपण जिंकलो ना?" एनिडच्या तोंडून निघून गेलं.

"हो," बाई म्हणाली. "तो खूप खूश होता."

एनिडनं किटली खाली ठेवली आणि रस्ता ओलांडून तिच्याकडे गेली.