अर्धी वाटी लास्वा

नोंग पिद्यो (वडीलधाऱ्या माणसाला आमच्याकडे नोंग म्हणतात) जहाजावरून कायमचे घरी आले, त्या आठवड्यात आमच्या गल्लीत कुणाच्याच घरी चूल पेटली नाही. पेटवायची गरजच पडली नाही. सकाळी उठून ते बाजारात जायचे, पोतंभर सामान आणायचे, आणि दुपार होईतो त्यांच्या मागच्या अंगणातून असा वास सुटायचा की चर्चच्या पायऱ्यांवर पसरलेली कुत्रीसुद्धा उठून तिकडे चालू लागायची. मग ते पातेली घेऊन घरोघर फिरायचे. डुकराचं मांस, तुरीचे काळे दाणे आणि कच्चा फणस घातलेलं दाट कालवण. गवती चहाची पात पोटात भरून भाजलेली कोंबडी. नारळाच्या दुधातले खेकडे.

सगळी उमर त्यांनी मालवाहू जहाजांवर आचारी म्हणून काढली होती. वीस-बावीस माणसांचा स्वयंपाक हेच त्यांच्या हाताचं माप. कमी करायला गेलो तर हात थांबतच नाही, असं ते स्वतःच सांगायचे. खरं तर घरात आता एकाच माणसाचं करायचं होतं. त्यांची बायको सालोमे आदल्या वर्षी गेली. ती गेली तेव्हा त्यांचं जहाज भर समुद्रात होतं. ते इथे, आमच्या मियागाओ गावात पोचेपर्यंत कबरीवरचं सिमेंट वाळलं होतं, घरातल्या प्रार्थना संपल्या होत्या, पाहुणे आपापल्या गावी गेले होते. थोडे दिवस राहून ते कराराचे उरलेले महिने पुरे करायला परत गेले. एकुलती एक मुलगी, जोव्हेलिन, दुबईत एका हॉटेलच्या कपडे धुण्याच्या विभागात नोकरीला. म्हणजे घरात ते आणि त्यांची पातेली, एवढंच.

आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. पहिले काही दिवस सगळ्यांना हौस होती. कुणी केळी घातली, कुणी अंडी, कुणी आंब्याचं लोणचं. पण रोज रोज काय घालणार? हळूहळू लोक त्यांना लांबून बघूनच आत वळायला लागले. दारात गाठ पडली तर म्हणायचे, आज आमच्याकडे झालंय हो नोंग, उद्या आणा. एकदा मी त्यांना त्यांच्याच घराच्या तुटक्या फाटकापाशी झाकलेलं पातेलं हातात घेऊन उभं असलेलं बघितलं. कुठल्या दाराशी जावं ते ठरत नसावं. मग तसेच आत गेले. दुसऱ्या दिवशी वास आला नाही.

त्यानंतर ते पासिंगच्या खानावळीत यायला लागले.

मी त्याच खानावळीच्या ओट्यावर बसते. पहाटे उठून इबोस करते, म्हणजे नारळाच्या कोवळ्या पानात गुंडाळून शिजवलेला चिकट भात. लोक जेवून बाहेर पडताना एक घेतात, साखरेत बुडवून खातात. माझं लग्न झालं नाही. आई-वडील गेले, भाऊ गेला. आतलं बोलणं मला बाहेर बसून सगळं ऐकू येतं, आणि ऐकायला मला आवडतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पहिल्या दिवशी पिद्यो आत आले, मांडलेल्या पातेल्यांची झाकणं एकेक उचलून आचाऱ्याच्या नजरेने बघितली, आणि भिंतीजवळच्या छोट्या टेबलाशी जाऊन बसले. पासिंग भात वाढता वाढता थांबली. ती सरळ बाई आहे, मनात आलं की तोंडात येतं.

"तुम्ही बरोबर सालोमेच्या जागेवर बसलात," ती म्हणाली.

"सालोमे इथे जेवायची?"

"रोजच की."

"रोज कशी जेवेल? घरी करायची ती. मला फोनवर सगळं सांगायची."

पासिंगला तेव्हाच कळलं असावं की आपण काहीतरी नको ते बोललो. पण बोलून गेलेली गोष्ट परत कशी घेणार? शिवाय पिद्यो तिच्याकडे बघत थांबले होते. मग तिने हात पुसले आणि सांगितलं.

मुलगी दुबईला गेली तेव्हापासून सालोमे दुपारी इथे यायची. अर्धी वाटी लास्वा, एक मूद भात, कधी सुका मासा. लास्वा म्हणजे आमच्या इथलं सगळ्यात साधं कालवण: भोपळा, भेंडी, वांगं, मूठभर पाला, जवळा मिळाला तर तो, आणि पाणी. आजारी माणसालाही चालतं. त्यातलीच थोडी ती डब्यात घालून रात्रीसाठी घरी न्यायची. सुरुवातीला म्हणे घरीच करून बघितलं. पण एकटीसाठी केलेलं तीन दिवस पुरायचं, आणि तिसऱ्या दिवशी तेच पातेलं उघडताना हुंदका यायचा. ते तिने पासिंगला एकदाच सांगितलं होतं, परत कधी विषय काढला नाही.

पण जेवण झालं की ती उठायची नाही. पासिंगच्या चुलीपाशी येऊन उभी राहायची आणि विचारायची, आज मोठ्या पातेल्यात काय आहे, कसं केलंस, फणस आधी घातलास की दाणे आधी, आंबटासाठी बातुआनची फळं ठेचून घातलीस की अख्खी. पासिंगला वाटायचं, बिचारीला शिकायची हौस आहे, पण करत तर कधी दिसत नाही.

"मी विचारायचो," पिद्यो हळूच म्हणाले. "फोनवर. ती म्हणायची आज फणसाचं कालवण केलं, की मी विचारायचो, आंबट कधी घातलंस? मांस शिजायच्या आधी घातलंस तर ते वातड होतं. ती बरोबर सांगायची. मला वाटायचं, माझ्या मागे चांगली सुगरण झाली."

पासिंगने न विचारता अर्धी वाटी लास्वा त्यांच्यापुढे ठेवली. ती त्यांनी खाल्ली, पण बाहेर पडताना माझ्याकडे बघितलं नाही, इबोसही घेतला नाही.

मला वाटलं, आता हा माणूस इथे पाऊल टाकणार नाही. पण दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले. त्याच टेबलाशी बसायचे. पासिंग त्यांना बरंच काही खायचा आग्रह करायची, ते अर्धी वाटीच घ्यायचे. जाताना माझ्यापाशी थांबायला लागले. एकदा त्यांनी विचारलं की सालोमे माझ्याकडून काय घ्यायची. मी सांगितलं, बहुतेक दिवशी काही नाही, पण ज्या दिवशी त्यांचं जहाज बंदराला लागायचं आणि फोन यायचा असायचा, त्या दिवशी दोन इबोस घ्यायची. एक इथेच खायची, दुसरा घरी न्यायची. त्यांनी मान हलवली, दोन इबोस घेतले आणि ओट्याच्या कडेला बसून दोन्ही खाल्ले. घरी काही नेलं नाही.

मग एका दुपारी खानावळीत ते जेवत असताना जोव्हेलिनचा फोन आला. पोरीचा आवाज मोठा, समोरून काय विचारते ते आम्हाला ऐकू येत होतं. जेवलात का पापा, काय केलंत? पिद्योंनी हातातला चमचा खाली ठेवला आणि मोठ्या पातेल्याकडे बघत सांगायला सुरुवात केली. फणसाचं कालवण केलंय. दाणे रात्री भिजवले होते. मांस पायाचं घेतलं, ते चांगलं लागतं. आता भात उतरवतो आणि बसतोच.

पासिंगच्या हातात झाकण होतं. फोन संपेपर्यंत तिने ते तसंच धरलं होतं. मग पातेल्यावर आपटलं.

"नोंग, तुमच्या घराण्यातच आहे का हे? आधी बायको, आता तुम्ही. माझ्याच चुलीसमोर खोटं बोलायचं, आणि तेही माझ्याच कालवणाचं. पोरीला सांगा ना, पासिंगकडे जेवतो म्हणून. माझ्या हातचं खायची लाज वाटते?"

"लाज कसली, पासिंग," ते म्हणाले. "पण सांगितलं तर तिच्या मनात येईल, पापा एकटे पडलेत. ती नोकरी सोडून निघून येईल. आईसारखी नाही ती, माझ्यासारखी आहे. मला सालोमेने कधी सांगितलं असतं ना, की माझ्याने एकटीसाठी चूल पेटवली जात नाही, तर पुढच्याच बंदराला..."

तिथेच ते थांबले. उरलेलं वाक्य आम्ही सगळ्यांनीच मनात पुरं केलं. खानावळीत आणखी दोन रिक्षावाले जेवत होते, तेही खाली मान घालून भात कालवत राहिले. पिद्योंनी वाटीतलं कालवण संपवलं, वाटी स्वतः उचलून मोरीपाशी नेऊन ठेवली आणि निघून गेले. पासिंग त्या दिवशी मला उगाचच दोनदा ओरडली.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला आमचं सगळं गाव दफनभूमीत जेवायला जातं. कबरी धुवायच्या, मेणबत्त्या लावायच्या, आपल्या माणसांपाशी चटया टाकायच्या आणि घरून आणलेलं खायचं. पोरं धावत असतात, कुणी पत्ते मांडतात, कुणी गाणी लावतात. ज्यांच्याबरोबर दहा-पंधरा माणसं असतात त्यांच्यासाठी तो दिवस छान असतो. मी भावाच्या कबरीपाशी लवकर जाते आणि ऊन उतरलं की लवकर परत येते.

त्या वर्षी पिद्यो आदल्या दिवशी पासिंगकडे गेले आणि तिचं सगळ्यात लहान पातेलं मागून नेलं. त्यांच्याकडे तेवढं लहान नव्हतंच. दुसऱ्या दिवशी सालोमेच्या कबरीपाशी ते एकटे बसलेले मला दिसले. पुढे ते पातेलं, दोन ताटल्या, भाताचा डबा. आजूबाजूच्या चटयांवरून माणसं त्यांना हाका मारत होती, इकडे या नोंग, आमच्यात बसा, पण ते हात हलवून नको म्हणत होते. मी जवळून जात होते. थांबावं की नाही असं झालं. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "देलिंग, जेवलीस?"

नाही म्हटलं. त्यांनी दुसरी ताटली माझ्याकडे सरकवली. ती कुणासाठी आणली होती ते मी विचारलं नाही.

फणसाचं कालवण होतं. मी पहिला घास घेतला आणि पाण्याची बाटली शोधायला लागले. एवढ्याशा पातेल्यात त्यांनी जहाजाच्या हाताने मीठ घातलं होतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. गिळून टाकावं आणि छान म्हणावं असं एकदा मनात आलं.

"खारट झालंय," मी म्हटलं. "नुसतं खारट नाही, खाववत नाहीये."

पिद्यो हसले. घरी आल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होते. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मग सांगायला लागले. जहाजावर जरा मीठ जास्त पडलं की पोरं टेबलं बडवायची, आचाऱ्याला समुद्रात फेका म्हणून ओरडायची. रोज काहीतरी नावं ठेवायचीच. आणि इथे आल्यावर घरोघर एवढं वाटलं, तर प्रत्येकाने दारातूनच छान आहे, छान आहे म्हणून भांडं घेतलं. कुणी समोर बसून खाल्लंच नाही. कसं झालंय ते त्यांना एकदाही कळलं नव्हतं.

आम्ही कालवण थोडं आणि भात जास्त असं करून जेवलो. माझ्याकडचे इबोस होते, ते बरोबर घेतले तेव्हा कुठे जीभ ताळ्यावर आली.

मेणबत्त्या लावायच्या वेळेला जोव्हेलिनचा फोन आला. तिला आईची कबर बघायची होती. त्यांनी फोन फिरवून दाखवली, फुलं दाखवली, मग पातेलंही दाखवलं. आज मीच केलं, म्हणाले, आणि फार खारट झालं. ती हसली. मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "पापा, आज केलं म्हणजे? बाकीच्या दिवशी कुठे जेवता?"

ते माझ्याकडे बघायला लागले. मी मेणबत्तीची वात सरळ करत बसले. त्यात मी काय सांगणार?

"पासिंगकडे," ते म्हणाले. "तुझी आईही तिथेच जेवायची. मलाही आताच कळलं."

मग ती म्हणाली, मीसुद्धा कामावरून येऊन पलंगावर बसून दुकानातल्या बंद डब्यातला मासा आणि पाव खाते, पापा. तुम्हाला सांगते तो भात, ते मटण, ते खोलीतल्या दुसऱ्या मुली करतात, त्यांचं त्यांच्यासाठी. पिद्यो तिला रागावले नाहीत. करार संपेपर्यंत तिथेच राहा, म्हणाले, मी बरा आहे. ती बरं म्हणाली. मला वाटलं होतं ती लगेच निघून येईल, पण आली नाही. पुढच्या वर्षी सुट्टीला मात्र आली, महिनाभर राहिली, आणि परत गेली.

पिद्यो अजून रोज दुपारी पासिंगकडेच जेवतात. रविवारी तेवढं घरी करतात, त्याच लहान पातेल्यात. ते पासिंगने परत मागितलं नाही. त्यातली एक वाटी माझ्या ओट्यावर आणून ठेवतात आणि मी खाईपर्यंत उभे राहतात. आता मीठ बरं पडतं. संध्याकाळी मी टोपली आवरून त्यांच्या घरावरून जाते, तेव्हा स्वयंपाकघरात दिवा असतो आणि नळाचा आवाज येत असतो. एका माणसाची भांडी घासायला वेळ तो किती लागणार. मी कोपऱ्यावर वळेपर्यंत दिवा मालवलेला असतो.