तीन वर्षांची शिक्षा

एकाहत्तरच्या लढाईत जबलपूरच्या फॅक्टऱ्यांना उसंत नव्हती. लेथवर काम करणारा बळीराम बारा-बारा तास घराबाहेर असे, आणि आर्वीहून नुकतीच लग्न होऊन आलेली अंजनी रिछाईजवळच्या क्वार्टरात एकटी. हिंदी तिला येत नव्हती. शेजारच्या दुलारीचाचीला हिंदीशिवाय काही येत नव्हतं, आणि अक्षरओळख तर मुळीच नव्हती. चाचीचा मुलगा रामसजीवन सीमेवर होता.

त्याची पत्रं अंजनीच वाचायची. लिपी तर तीच! अर्थ कळो न कळो, ती शाळेतल्यासारखी खणखणीत वाचे आणि चाची डोळे मिटून ऐके. चाची हसली की अंजनीही हसे.

लढाई थांबली. पुढच्या आठवड्यात कार्ड आलं तेव्हा चाची बाजारात गेली होती, म्हणून पोस्टमननं ते अंजनीच्या हाती दिलं. आता तिला थोडंफार कळू लागलं होतं. 'अम्मा, मुझे तीन साल की शिक्षा के लिए पूना भेज रहे हैं।'

तीन वर्षांची शिक्षा! कार्ड तिनं तांदळाच्या डब्यात दडवलं.

"बहू, चिट्ठी आई?" चाचीनं संध्याकाळी विचारलं.

"नहीं..."

दुसऱ्या दिवशीही तेच. चाचीला घास गोड लागेना.

तिसऱ्या दिवशी बळीरामला सुटी मिळाली. त्याच्यापुढे कार्ड ठेवून अंजनी रडायलाच लागली. "एवढा गरीब पोरगा, त्याले काहून तुरुंगात टाकून राहिले जी?"

बळीरामनं वाचलं आणि कपाळावर हात मारला. "अवं, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण! पोरगा शिकाले चालला पुण्याले."

अंजनी तशीच अनवाणी धावली. चाचीचे पाय धरून तिनं मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं कबूल केलं. चाचीनं आधी पाठीत धपाटा घातला.

"तीन दिन मेरी जान सुखा दी!"

मग तिला पोटाशी धरून इतकी हसली, की हसता हसता रडूच लागली. डोळे पुसून म्हणाली, "अब मुझे भी पढ़ना सिखा।"

हिवाळाभर ओट्यावर पाटी चालली. अंजनी अक्षरं शिकवायची, चाची हिंदी. चैत्रात रामसजीवनला आईच्या हातचं पहिलं पत्र गेलं. उलट टपाली त्यानं विचारलं, 'अम्मा, बाकी सब समझ गया, पर ये "बरं हाय" क्या होता है?'

ते पत्र चाचीनं स्वतःच, अडखळत, अंजनीला वाचून दाखवलं.