वगळलेली भावकी

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या अमरसिंह रणनवरे यांचं फरशी आणि सॅनिटरीचं दुकान होतं. दिवसभर गिऱ्हाइकांना कमोड आणि वॉशबेसिन दाखवायची आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसून आपले पूर्वज कुठल्या लढाईत सेनापतीच्या डाव्या बाजूला होते ते सांगायचं, असा त्यांचा दिनक्रम. लढाई दर आठवड्याला बदलायची, डावी बाजू तेवढी कायम असायची. चहा संपेपर्यंत लोक निमूट ऐकून घेत, कारण चहा सरकारांकडून असे. हो, सरकार. व्हिजिटिंग कार्डावर सोनेरी अक्षरांत 'श्रीमंत अमरसिंह रणनवरे सरकार' असं छापलेलं होतं आणि कार्डाच्या पाठीमागे नळांवरची दिवाळी सवलत.

तीन वर्षांपूर्वी सरकारांनी घराण्याचा कुलवृत्तांत काढायचं मनावर घेतलं. जुन्या लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, मोडीतले कागद, मिळेल ते त्यांनी गोळा केलं. मोडी वाचणाऱ्या गृहस्थांनी एका कागदावरचं 'बैल दोन, नांगर एक, घोंगडी दोन' असं वाचून दाखवलं, तेव्हा सरकारांनी त्यांना मिसळ खिलवली आणि पुस्तकात 'लवाजमा' असा शब्द घातला. सगळं सुरळीत चाललं होतं. पण पन्हाळ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या मूळ गावातली नोंदवही उघडली आणि सरकारांचा चेहरा उतरला. गणू रणनवरे या नावापुढे जातीच्या रकान्यात ठसठशीत लिहिलं होतं, कुणबी.

आता हा गणू कुणी परका असता तर प्रश्नच नव्हता. पण गणू म्हणजे सरकारांचे आजोबा राणोजी यांचा सख्खा भाऊ. राणोजी कोल्हापुरात येऊन पेठेत राहिले, गणू गावातच नांगराच्या मागे राहिला. गणूचा नातू आकाराम अजून त्याच घरात म्हशी पाळून होता आणि लहानपणी सुट्टीत सरकार त्याच गोठ्यातल्या म्हशींचं दूध पिऊन वाढले होते. माणसाने दूध विसरावं तरी किती? सरकार साफ विसरले. त्यांनी वंशावळीतून गणूची फांदीच छाटली आणि कुणाला शंका राहू नये म्हणून खाली एक ओळ टाकली, 'सदर गावातील रणनवरे आडनावाच्या इतर मंडळींशी या घराण्याचा कसलाही रक्तसंबंध नाही.' मुलगी तेजस्वी तेव्हा नववीत होती. तिनं विचारलं, "पप्पा, आणि आकारामकाका?" त्यावर सरकार म्हणाले, "तुला इतिहास कळत नाही."

प्रकाशनाच्या चार दिवस आधी गावाकडून फोन आला की आकाराम गेला. भावकीत मयत झालं की दहा दिवस सुतक. गोडधोड नाही, गुलाल नाही, पुरुषांनी केस द्यायचे, मिशी उतरवायची. इकडे तर हॉल ठरलेला, फेटेवाला सांगितलेला, हलगीवाल्यांना सुपारी दिलेली. सरकारांनी क्षणभर विचार केला आणि पुस्तकाचाच आधार घेतला. छापील पुस्तकाप्रमाणे आकाराम आपला नव्हताच, मग सुतक कसलं? प्रकाशन दणक्यात झालं. पेढे वाटले, गुलाल उधळला, वर्तमानपत्रात फोटो आला. पुस्तकाच्या प्रती सरकारांनी वाचनालयांना, शाळांना आणि एकूण एक सरकारी कार्यालयांना भेट दिल्या. फुकट पुस्तक कुणी नको म्हणत नाही.

आणि यंदा तेजस्वीचा निकाल लागला. पोरगी हुशार, वर्षभर पुस्तकातून मान वर काढली नव्हती, तिला डॉक्टरच व्हायचं होतं. मार्क चांगले होते, पण सरकारी कॉलेजात जागा मिळायला थोडक्यात कमी पडत होते. खाजगी कॉलेजात घालायचं तर दुकान विकावं लागलं असतं. कुणबी दाखला असेल तर मात्र जागा हातात होती, असं क्लासवाल्यांनी सांगितलं. सरकार घरी आले, कपाटातल्या कुलवृत्तांताच्या गठ्ठ्यावर चादर टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून कुणबी व्हायला निघाले.

हे काम सरदार होण्याइतकं सोपं नव्हतं. वडिलांच्या लग्नाच्या नोंदीत मराठा. चुलत्यांच्या शाळेच्या दाखल्यात मराठा. तीन वर्षांपूर्वी हेच कागद छातीशी धरून सरकार पेठभर हिंडले होते, आता त्यांच्याकडे बघून त्यांना चीड येत होती. एकानं सल्ला दिला, जुनी खानेसुमारी शोधा. सरकारांनी धुळीनं शिंकत जनगणनेचे जुने खंड चाळले. तालुक्यात माणसं किती, घरं किती हे त्यात होतं. राणोजी कोण, हे कुणी विचारलेलंच नव्हतं. आजोबा लवाजम्यासकट एका बेरजेत गडप झाले होते. गावच्या नोंदवहीत राणोजींचं पान वाळवीनं खाल्लेलं. शाबूत होता तो फक्त गणू, आणि त्याच्यापुढचा तो शब्द. तीन वर्षांपूर्वी जो बघून सरकारांना घाम फुटला होता, त्याच शब्दाचा त्यांनी आता मोबाईलवर चार बाजूंनी फोटो काढला.

जात पडताळणीच्या कार्यालयात चौकशीचं काम क्रांतीमॅडमकडे होतं. चष्म्यावरून बघायची त्यांना सवय होती. सरकारांचा अर्ज त्यांनी शांतपणे वाचला, मग टेबलाच्या खणातून एक जाडजूड, सोनेरी कडांचं पुस्तक काढलं. सरकारांनी ते ओळखलं. शेजारच्या खुर्चीतल्या तेजस्वीनंही ओळखलं.

"हे तुमचंच न्हवं?" मॅडमनी विचारलं.

"म्हणजे... हो. आपल्या कार्यालयाला भेट दिलं होतं."

"व्हय, सही पण हाय. अर्जात म्हणताय गणू आमच्या आजोबांचा सख्खा भाऊ. पुस्तकात म्हणताय कसलाही रक्तसंबंध नाही. यातलं कुठलं खरं धरू?"

सरकारांनी घसा साफ केला. "पुस्तकाचं काय आहे मॅडम, ते जरा वाङ्मयीन आहे."

क्रांतीमॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. गावात येऊन गृहचौकशी करणार, गणूच्या घरातलं माणूस समोरासमोर काय सांगतंय ते लिहून घेणार आणि मगच काय ते ठरेल, असं सांगून त्यांनी तारीख दिली. गणूच्या घरात आता सांगण्याजोगं वडीलधारं एकच माणूस उरलं होतं, आकारामची विधवा, चिमणाबाई. पोरीचं डॉक्टर होणं त्या म्हातारीच्या जिभेवर येऊन टेकलं होतं.

सरकार आदल्या दिवशीच लुगडं आणि पेढे घेऊन गावाला गेले, तेजस्वीला बरोबर घेऊन. चिमणाबाई गोठ्यात शेण काढत होती. गाडीच्या आवाजाने तिनं वर बघितलं, हात धुतले आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"या पावणं. कुठलं म्हणायचं?"

भावकीतल्या माणसाला कुणी पावणं म्हणत नाही. सरकारांना ते बरोबर टोचलं. "वहिनी, मी अमर."

"कुठला अमर?"

"असं काय करता? कोल्हापूरचा."

"कोल्हापुरात लई अमर हाईत."

सरकारांनी लुगडं पुढे केलं. तिनं हात लावला नाही. पावण्याकडून लुगडं घ्यायची आमच्यात रीत न्हाय, म्हणाली. मग सरकारांनी सगळी हकिगत सांगितली, पोरीचं भविष्य, तारीख, चौकशी. सांगताना त्यांचा आवाज खरोखर कापरा झाला. चिमणाबाईनं ऐकून घेतलं, तेजस्वीकडे एकदा निरखून बघितलं आणि तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

"सायेब येतील, इचारतील, तवा जे हाय त्ये सांगीन. खोटं बोलायला मी काय पुस्तक छापलंय?"

परत येताना गाडीत तेजस्वीनं तो गूळ खाल्ला.

चौकशीच्या दिवशी अंगणात अर्धं गाव जमलं होतं. असल्या गोष्टींना आमंत्रण लागत नाही. क्रांतीमॅडम लोखंडी खुर्चीवर बसल्या, चिमणाबाई उंबऱ्यावर, सरकार मध्ये उभे, तेजस्वी त्यांच्या मागे. मॅडमनी कुलदैवत विचारलं, दोघांनीही जोतिबा सांगितला. मग देवक विचारलं.

"तलवारीची धार," सरकार म्हणाले. पुस्तकात तसंच होतं.

"कळंब," चिमणाबाई म्हणाली. "लग्नात आमी कळंबाची डहाळी आणतुया. तलवार कुठनं आणू?"

"कळंबच, कळंबच," सरकार घाईघाईने म्हणाले, "तलवारीची मूठ पूर्वी कळंबाची असायची." गर्दीत कुणीतरी खोकल्यासारखं केलं.

मॅडमनी पान उलटलं. "भावकी असंल तर सुतक असतंय. आकाराम रणनवरे वारले तेव्हा तुम्ही सुतक धरलं?"

वर्तमानपत्रातला फोटो, गुलाल, पेढे, सगळं सरकारांच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि त्यांनी सुचलं ते ठोकून दिलं. "मॅडम, आम्हाला कळलंच नाही हो. कळलं असतं तर अनवाणी धावत आलो असतो."

चिमणाबाईच्या पोरानं स्वतः फोन केला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आता म्हातारी तोंड वाजवणार म्हणून गर्दी सरसावून उभी राहिली. पण चिमणाबाईचा आवाज मऊच होता.

"कळलं न्हवतं म्हंतासा?"

"नाही वहिनी. पोरीची शपथ."

तेजस्वीनं चमकून बापाकडे बघितलं. चिमणाबाईनंही तिच्याकडे बघितलं आणि मग सरकारांकडे.

"मग आज कळलं की. कळल्या दिवसापास्नं सुतक धरत्यात. आदी केस द्या, मग डोसक्यावरनं पाणी घ्या, मगच ह्या अंगणात भावकी म्हणून बोला. डोईवर तर द्येण्यासारखं काय ऱ्हायलं न्हाय. मिशी हाय, ती द्या."

ही मिशी साधी नव्हती. अठराव्या वर्षी फुटल्यापासून कुठल्याही सुतकात सरकारांनी तिला वस्तरा लागू दिला नव्हता. तिला रोज मेण होतं, वेगळा कंगवा होता, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जागा होती. सरकारांनी आशेनं क्रांतीमॅडमकडे बघितलं. "मॅडम, हे नियमात बसतं का?"

"नियमात न्हाय," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्ही सुतक धरत नसाल तर तसं लिहावं लागंल."

सरकारांनी तेजस्वीकडे बघितलं. ती कागदपत्रांची फाइल पोटाशी धरून जमिनीकडे बघत होती. एवढ्या खोट्या माणसात एक गोष्ट खरी होती, पोरीवर त्यांचा जीव होता. ती डॉक्टर झाली नाही तर आपल्याला अन्न गोड लागणार नाही, हे त्यांना त्या क्षणी स्वच्छ कळलं. ते खाली मांडी घालून बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

गावातला सलूनवाला दुकान बंद करून मजा बघायलाच आला होता, त्यामुळे त्याला बोलवावंही लागलं नाही. त्यानं पाणी लावलं आणि चार फटक्यांत काम आटोपलं. मग अंगणातल्या हौदावर सरकारांच्या डोक्यावर दोन बादल्या गार पाणी ओतलं गेलं. झब्बा अंगाला चिकटला, पोट दिसू लागलं. पोरांनी मोबाईल वर केले. हसण्याची एक लाट उठली आणि मध्येच बसली.

कारण सरकारांनी तोंडावरचं पाणी निपटलं होतं. वरचा ओठ डावीकडे जरा उचललेला होता आणि त्याखालून एक दात डोकावत होता. तो ओठ गावानं चाळीस-पन्नास वर्षं बघितला होता. दूध घालायला जाताना, बैल दामटताना, पारावर पानाची पिंक टाकताना.

"आकारामच की रं," एक म्हातारा हळू आवाजात म्हणाला.

चिमणाबाई उंबऱ्यावरून उठली. जवळ आली आणि पदर तोंडाला लावून त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. सरकारांना वाटलं, जिंकलो. त्यांनी ओल्या अंगानं वाकून तिचे पाय धरले. तिनं पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही.

क्रांतीमॅडमनी पेन उघडलं. "आजी, आता सांगा. हे तुमच्या भावकीतले आहेत का?"

"लिवा बाई," चिमणाबाई म्हणाली. "त्वांड आमच्याच घरातलं हाय. माणूस आमचा न्हवं."

मॅडमनी पहिलं वाक्य लिहून घेतलं, खाली म्हातारीचा अंगठा घेतला आणि काम झालं म्हणून मान हलवली. दुसऱ्या वाक्याला कागदावर रकाना नव्हता. ते तेजस्वीनं मात्र ऐकलं होतं, आणि गाडीत बसताना ती पुढे बापाशेजारी न बसता मागच्या सीटवर जाऊन बसली.