दहावा शब्द

जखर्यानं बोट आधी स्वतःच्या छातीला लावलं. "तार," तो पुटपुटला, आणि बोट शेजारच्या म्हाताऱ्या एल्कानाकडे नेलं.

माणसं आकड्यानं मोजायची नाहीत, ही त्यांची रीत. दहा शब्दांचं एक वचन, 'तार' म्हणजे 'वाचव' इथून सुरू होणारं; माणसामागे एक शब्द. दहा पुरुष भरले तरच मेलेल्यासाठी प्रार्थना. टेकडीवरच्या ज्यू वस्तीत बिऱ्हाडंच बारा, दहा जमवायची रोजची मारामार. तरी बापामागं अकरा महिने जखर्यानं एक दिवस चुकवला नव्हता. आज शेवटचा.

दारापाशी यिनोन, त्याचा मेहुणा. हाताला कोपरापर्यंत पट्टी.

"भाजलं काय रे?" एल्कानानं विचारलं.

"चहाचं आधण सांडलं, काका."

"रॉकेलवर चहा केलास व्हय!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

काल रात्री खालच्या अरब गावात हमदानचं घर पेटलं. त्याची बायको आत राहिली ती राहिलीच. हमदान नऊ वर्षं जखर्याच्या हाताखाली नळ जोडत होता. पहाटे यिनोनचा काळा झालेला शर्ट जखर्याच्या बायकोनं धुतला. भाऊच तिचा, करते काय? दुपारी पोलीस आले, तेव्हा टेकडीनं हात वर केले. जखर्यानंही.

"आपल्या माणसाची चुगली परक्या दारी करणाऱ्याला देवाघरी जागा नाही," टेकडीचा म्होरक्या शमर्या मघाशीच म्हणाला होता, जखर्याकडे बघत. देवाघरचं पुढचं पुढं. मागल्या साली अशाच चुगलीपायी एकाचं बिऱ्हाड दोन तासांत फाटकाबाहेर पडलं होतं, लेकराबाळांसकट.

बोट एकेक करत दारापाशी आलं. नववा शब्द झाला, "पर्यंत." दहावा "सर्वकाळ." जखर्या थांबला.

"बोल की," शमर्या म्हणाला. "दिवस बुडतोय."

"नऊच आहेत."

"दाजी, मी काय भूत आहे?" यिनोन हसला. "तुमच्याच बापासाठी आलोय ना!"

जखर्यानं पट्टीकडे पाहिलं. त्यानं पोथी मिटली आणि बाकावर बसला. खिडकीतलं ऊन भिंतीवरून उतरलं, विझलं. प्रार्थनेची वेळ गेली.

शमर्या उठला. दाराची कडी आतून लावली.

"दुपारी पोलिसांना काय सांगितलंस, जखर्या?"

"काही नाही," जखर्या म्हणाला. मग कडीकडे बघत, "अजून तरी."

बाकावरचा एल्काना वीतभर लांब सरकला.